बिनफेसाचं माप

माझ्या मुलाला 'नाही' म्हणता येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, जरा सढळ हाताने ओत, तर हा म्हणतो हो. बायको म्हणाली, येताना साबण आणा, हो. मी म्हटलं, अरे तो पंखा कुरकुरतोय, बघ जरा, हो. आणि करतो काय? आधीपासून करत आला तेच. साबण येत नाही, पंखा कुरकुरतच राहतो, आणि गिऱ्हाइकाला एक थेंबही जास्त जात नाही. त्यापेक्षा वाद घालणारा माणूस परवडला, निदान त्याने ऐकलं एवढं तरी कळतं. याचं 'हो' म्हणजे आतून कडी लावल्यासारखं. बाहेरचा बिचारा वाट बघत उभा, की आता दार उघडेल, मग उघडेल.

पूर्वी मी चिडायचे आणि सोडून द्यायचे. साबण काय, मी आणते. पण माझ्या नातीच्या जिवाशी गाठ पडली तेव्हा या 'हो'ने जे केलं ते मला सोडून देता येत नाही. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आहे, आणि डॉक्टरांचे शब्द मला समजले तसेच लिहिणार आहे.

आधी आमचा धंदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा तेलाचा घाणा आहे. पुढे दुकान, मध्ये घाणा, मागे आम्ही राहतो. घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असतं. ते पिंपात भरायचं आणि पिंपाला हात लावायचा नाही. गाळ आपोआप खाली बसतो, वर निवळ तेल राहतं. पिंपाचा नळसुद्धा तळापासून वीतभर वर असतो, म्हणजे गाळ बाहेर यायला नको. आमच्याकडे कुणी पिंपाला धक्का दिला तर मी घर डोक्यावर घेते. दुसरं, माप भरताना फेस आला तर थांबायचं. फेसासकट माप देणारा तो चोर. माझ्या सासऱ्यांनी हे मला शिकवलं, मी मुलाला शिकवलं. बाकी काही नाही, पण हे दोन धडे त्याने असे घेतले की त्याचं चालणंसुद्धा भरलेला डबा नेल्यासारखं झालंय. घाई म्हणून नाही त्या माणसाला.

आता नातीकडे येते.

जन्मली तेव्हा गुटगुटीत होती, नेहमीच्या बाळांपेक्षा जरा जास्तच. सगळे म्हणाले, काय छान बाळ. पण ती दूध ओढेना. उठवलं तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. मी म्हटलं, बापावर गेली, हिलाही कशाची घाई नाही. हसलो आम्ही. दुसऱ्या दिवशी तिला झटका आला, आणि हसणं जिथल्या तिथे राहिलं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. लहान मुलांच्या साखरेच्या दुखण्याच्या त्या डॉक्टर. मला वाटलं होतं साखरेचं दुखणं म्हणजे साखर वाढते. हिची उतरत होती.

"आजी, पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. पोटात अन्न गेलं की ती इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर खाली आणते, आणि मग थांबते. हिची ग्रंथी थांबतच नाही."

"म्हणजे नळ उघडा राहिलाय."

"अगदी तसंच. आणि साखर फार खाली गेली की दर वेळी मेंदूला इजा होते. एकेक वेळ वाचवायला हवी."

एकेक वेळ वाचवायला हवी. हे वाक्य माझ्या कानात असं जाऊन बसलं की नंतर घाण्याच्या आवाजातही तेच ऐकू यायचं.

तो नळ आवळायचं एक औषध असतं. डायझॉक्साइड की काय नाव, माझी जीभ त्याच्यापुढे हात टेकते. मी त्याला पांढरं औषध म्हणते. एवढ्याशा बाळाला गोळी देता येत नाही, म्हणून औषधवाला तिच्यासाठी ते पातळ करून बाटलीत भरून द्यायचा. त्या औषधाने अंगात पाणी साठतं, म्हणून जोडीला लघवी होण्याचं दुसरं औषध. आणि नियम तर किती! दूध वेळेवर. दुधाआधी टाच टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, मशीन आकडा दाखवतं. सत्तरच्या खाली आला की गालाच्या आतून साखरेचा जेल चोळायचा, दूध पाजायचं, पाव तासाने परत टोचून बघायचं, आणि डॉक्टरांना कळवायचं. झटका आला तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, लाल डबीतलं साखर चढवायचं इंजेक्शन मांडीत द्यायचं आणि पळायचं. रोज वजन. चेहरा सुजला, श्वास जोरात चालला, तरी पळायचं. आणि अंगावर केस येतील, त्याला घाबरायचं नाही, औषध बंद झालं की जातात.

घरी सोडताना सिस्टरने मुलाला आणि सुनेला औषध कसं द्यायचं ते दाखवलं. मी पिशवी भरत होते. ती एकेक सांगत होती आणि माझा मुलगा हो, हो, हो म्हणत होता. पाळणाघरातल्या खेळण्यासारखी मान हलत होती त्याची.

सुनेचा हात थरथरायचा. तिला दोष देत नाही, पहिलंच मूल, त्यात असं. पण टाच टोचायची म्हटलं की तिचेच ओठ पांढरे पडायचे. पहिल्याच दिवशी औषध सिरिंजमध्ये ओढताना निम्मं ओट्यावर सांडलं. मी म्हटलं, "दे इकडे. हे तुझं काम नाही. ज्याचा हात मापाला बसलाय तो देईल."

"आई, मला सवय होईल," सून म्हणाली.

"तुला सवय होईपर्यंत ओट्याचीच साखर वाढायची."

तेव्हापासून औषध मुलाकडे. आणि काय देखणं माप घ्यायचा तो! बाटली कपाटातून दोन्ही हातांनी काढायचा, एवढीही हिंदकळू न देता. ओट्यावर ठेवायचा. वाकून सिरिंजची रेघ डोळ्यासमोर धरायचा. सिरिंजचं टोक वरच्या वर बुडवायचं आणि हळूच ओढायचं. बुडबुडा म्हणून नाही. रेघेवर रेघ. आतून सून विचारायची, "बाटली हलवलीत का?" हा म्हणायचा, "हो." मी बाजूला उभी राहून बघायचे आणि मनात म्हणायचे, आहे कुणाची टाप असं माप घ्यायची.

घरी येऊन आठवडा झाला नसेल. भर दुपारची वेळ, घाणा चालू, मी गल्ल्यावर. मधल्या दारातून सून धावत आली. अनवाणी, त्या तेलकट फरशीवरून, बाळाला छातीशी धरून.

"आई! ही उठत नाहीये. आई, बघा ना!"

बाळाची मान ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. कपाळाला घाम. मी टाच टोचली. बावन्न. जेल बोटावर घेतला आणि गालाच्या आत चोळत राहिले, चोळत राहिले. घाणा आपला घरघरतोय. मी ओरडले, "बंद करा ते मेलं मशीन!" मुलगा आला. चालत आला! वर म्हणतो, "हळू, फरशी निसरडी आहे."

त्याच्या हातात तेव्हा डबा असता तर मी तो त्याच्याच डोक्यावर ओतला असता.

मग पापणी हलली. मग जीभ हलली. मग ती रडली, आणि तिच्या त्या रडण्यावर आम्ही तिघंही असे खूश झालो की कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. दूध पाजलं, परत टोचलं, आकडा वर आला. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या घेऊन या.

इस्पितळात काय झालं? काही नाही झालं. तेच औषध, तेवढंच माप, त्यांच्या बाटलीतून, त्यांच्या सिस्टरच्या हातून. आकडा कसा शहाण्यासारखा वर बसून राहिला. तीन दिवसांनी घरी आणलं, आणि घरी परत खाली. झटका नाही, पण साठ, पंचावन्न, अठ्ठावन्न. दर वेळी जेल. रात्रंदिवस त्या मशीनची ती टिक्. मला बसवेना, उभं राहवेना. गिऱ्हाइकाला सुट्टे देताना मी मागच्या खोलीकडे कान लावून असायचे. डोळ्यांत तेल घालून बसायचं म्हणतात ना, आमच्याकडे तेलाला तोटा नव्हता, पण बघायचं कुठे हेच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी एखादा डोस चुकतो का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

विचारलं सगळ्यांना, बघितलं सुनेकडे. असंच असतं. मुलाचं काही बिनसलं की सगळ्यांच्या माना आईकडे वळतात. माझीही वळली.

मला तसं कारण होतं. औषधाने नातीच्या अंगावर केस यायला लागले होते. पाठीवर लव, कानांवर लव, भुवया पार कपाळात चढलेल्या. मी तिला अस्वल म्हणायचे. "काय म्हणतंय माझं अस्वल, मध नाही हं मिळायचा तुला अजून." सून हसायची नाही. ती बोटाने ते केस मागे सारत बसायची, सारल्याने जाणार असल्यासारखे. एकदा विहीणबाईंचा फोन आला होता. फोन स्पीकरवर, मी पलीकडे भांडी लावतेय. विहीणबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे काय गं सगळं. थोडं कमी देऊन बघ ना औषध. डॉक्टर काय, सांगतातच." सुनेने फोन कानाला लावला आणि गॅलरीत गेली. तिने काय उत्तर दिलं मी ऐकलं नाही. पण मी ते वाक्य उचलून ठेवलं. अशी वाक्यं मी टाकून देत नाही.

पुढे झालं उलटंच. बाटली संपत आली तसं आकडे चढायला लागले. आधी मी खूश झाले. शंभर, दीडशे. मग दोनशेच्या पुढे. मग एका सकाळी बाळाच्या पायातला मोजा काढला तर त्याची वळी पायात रुतलेली, खड्डा भरून येईना. पापण्या फुगलेल्या. वजन एका रात्रीत चढलेलं. आणि श्वास, घाण्याचा पट्टा सैल झाल्यावर फडफडतो तसा, बरगड्या आत ओढत.

परत इस्पितळ. या वेळी डॉक्टरीणबाई उभ्यानेच बोलल्या. बाळाला यंत्रं लावलेली, छातीचा फोटो काढलेला. पांढरं औषध त्यांनी तेवढ्यापुरतं थांबवलं होतं, नळीतून साखर चालू होती.

"हे औषध मला समजेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "कधी कमी पडतंय, कधी जास्त होतंय. वाढवलं तर फुप्फुसावर आणि हृदयावर ताण येतो. कमी केलं तर साखर घसरते. ज्या औषधाचा भरवसा नाही त्यावर हिला घरी पाठवता येणार नाही."

"मग?" मुलगा म्हणाला.

"मग ऑपरेशन. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग काढावा लागेल. नंतर तिला आयुष्यभर साखर वाढण्याचा आजार होऊ शकतो. मला ते आवडणार नाही. पण मेंदू वाचवायचाय."

मुलाने मान हलवली. "हो."

हो! पोटच्या पोरीचं पोट फाडायचं म्हणतायत आणि हा हो!

त्यांनी चार दिवस मागितले. सूज उतरू दे, मग ठरवू म्हणाल्या. मी आणि सून अंघोळीला घरी आलो. ती ओट्याशी बाळाच्या बाटल्या उकळत होती. मला काही धीर निघेना. तीनदा दुकानात जाऊन आले, तीनदा परत आले. शेवटी म्हटलं,

"मला खरं सांग. तू आईचं ऐकून औषध कमी केलंस ना? आणि मग घाबरून एकदम जास्त दिलंस?"

ती वळली. हातात चिमटा होता, तो थरथरत होता. पण आवाज नाही थरथरला.

"आई, त्या बाटलीला तुम्ही मला हात लावू देता का?"

माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"मला सांगा ना. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. माप त्यांच्या हाती. माझा वाटा काय, तर आतून ओरडायचं, हलवलीत का. ते म्हणतात हो. एवढंच माझं काम. आणि माझ्या आईला काय उत्तर दिलं ऐकायचंय? तिला सांगितलं, मला केसाळ मुलगी चालेल, मला न ओळखणारी मुलगी नको. तेव्हापासून बोललेली नाही ती माझ्याशी."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, पण बोलायला जागा नव्हती. म्हटलं, "मग कोण? भूत येतं का रात्री औषध प्यायला?"

"मला माहीत असतं तर मी इथे बाटल्या उकळत उभी राहिले असते का?"

आम्ही दोघी उकळत्या पाण्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला एकच गोष्ट कळत नव्हती.

मग तिनेच फोन लावला डॉक्टरीणबाईंना. म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे बरी असते, घरी बिघडते. औषध तेच, माप तेच. काहीतरी घरातच आहे. कापण्याआधी एकदा घरातलं बघा."

मग त्या म्हणाल्या, "घरची बाटली घेऊन या. जशी आहे तशी. आणि जो देतो त्याला माझ्यासमोर माप घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. भाड्याची गाडी केली. बाटली मुलाच्या मांडीवर, दोन्ही तळहातांत, सरळ. रस्त्यात खड्डा आला की तो हात वर उचलून धरायचा आणि ड्रायव्हरला म्हणायचा, "भाऊ, जरा जपून." ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "काय आहे त्यात, फुटणारं आहे का?" मी म्हटलं, "माझ्या नातीचा जीव आहे. गाडी चालव." सून खिडकीबाहेर बघत होती. तिचा पाय सारखा हलत होता, माझा हात सारखा त्या कमरेच्या किल्लीला लागत होता. फक्त हा स्थिर. गाडीभर एकटा हाच स्थिर.

वॉर्डात टेबल होतं, खिडकीजवळ. डॉक्टरीणबाई, सिस्टर, आम्ही तिघं. बाळ पलीकडे नळ्यांत, सूज थोडी उतरलेली.

"नेहमी करता तसंच करा," सिस्टर म्हणाली. "आम्ही बाळाला देणार नाही आहोत, नुसतं बघायचंय."

त्याने बाटली टेबलावर ठेवली, आवाजही न करता. झाकण फिरवलं. वाकला. सिरिंज बुडवली, हळूच ओढली. तळाशी थोडंच उरलं होतं, तरी बुडबुडा नाही. रेघेवर रेघ. मला सवयीने बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सिस्टर म्हणाली, "आणि हलवायचं कधी?"

मुलगा सिरिंजची रेघ परत बघू लागला.

"बाटली हलवायची असते ना आधी? मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो," मुलगा म्हणाला.

"मग हलवली नाहीत."

"हलवली की फेस येतो," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा 'हो'च्या पुढे गेला. "पहिल्या दिवशी हलवून बघितली होती. सिरिंजमध्ये फेस आला. रेघ दिसेना. फेसासकट माप खोटं होतं. म्हणून मग..."

"म्हणून मग कधीच नाही?"

"वरचं वर निवळ घेत होतो. माप चुकू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आत दाट, खळीसारखं पांढरं. मग बाटली धरली. तळाला जाड थर बसलेला, पिंपाच्या तळाला बसतो तसा. बाटलीवर औषधवाल्याने चिठ्ठी चिकटवलेली होती म्हणे, चांगली हलवा म्हणून. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला तेलाचा हात लागतो. त्या चिठ्ठीवर नुसता पिवळा डाग उरला होता.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध पाण्यात विरघळत नाही. नुसतं तरंगत असतं. बाटली उभी राहिली की खाली बसतं. वरचं वर घेतलं म्हणून सुरुवातीला तिला औषध फारच थोडं मिळालं. आणि शेवटी शेवटी मिळालं ते सगळं एकदम."

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा जन्म गेला गाळ टाकून देण्यात. रोज शेजारी उभी राहून मी ती न हललेली बाटली बघत होते, ते 'हो' ऐकत होते, आणि मला तेच बरोबर वाटत होतं. या बाटलीतला गाळ हेच औषध होतं. आम्ही लेकराला वरचं पाणी पाजत होतो, निवळ म्हणून, आणि मग तळ खरवडून सगळा गाळ.

मुलगा खाली बसला. खुर्ची होती शेजारी, तरी फरशीवर बसला. सून त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं आता ही ओरडेल, ओरडायला हवं होतं. तिने फक्त विचारलं, "मी रोज विचारत होते. रोज. तुम्ही हो का म्हणायचात?"

"तू घाबरायचीस," तो म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर आणखी घाबरली असतीस."

ती बाळाकडे निघून गेली.

ऑपरेशनचं डॉक्टरीणबाईंनी तिथेच बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "औषध लागू पडत नाही असं मी म्हणत होते. खरं म्हणजे ते अजून आपण नीट देऊनच बघितलेलं नाही." घरची बाटली त्यांनी फेकायला लावली, नवी मागवली. सूज पूर्ण उतरल्यावर, छाती तपासून, त्यांनी पांढरं औषध परत लहान मापापासून सुरू केलं, जोडीला लघवीचं. आणि म्हणाल्या, वॉर्डातच राहायचं आणि औषध घरच्यांनीच द्यायचं, सिस्टरच्या नजरेसमोर. म्हणजे घरी जे होणार तेच इथे दिसेल.

सिस्टरने परत शिकवलं. बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, उलटीसुलटी करून चांगली हलवायची, तळाला काही चिकटलं नाही ना ते उजेडात बघायचं. मोठा फेस जरा मोडू द्यायचा, पण लगेच ओढायचं, औषध खाली बसू द्यायचं नाही. सिरिंजमध्ये बुडबुडा आला तर टोक वर करून टिचकी मारायची, बुडबुडा परत ढकलायचा आणि पुन्हा ओढायचं रेघेपर्यंत. एवढंच. ज्या फेसापायी माझ्या नातीचं पोट कापायला निघाले होते, त्याला एक टिचकी पुरत होती.

"कळलं?" सिस्टर म्हणाली.

"हो," मुलगा म्हणाला.

"हो नको!" मी अशी ओरडले की पलीकडच्या खाटेवरचं मूल जागं झालं. "हो ऐकून ऐकून कान किटले माझे. करून दाखव."

त्याने करून दाखवलं. मग सुनेने दाखवलं. मग मी म्हटलं, मलाही दाखवू द्या, आणि मीही हलवली बाटली. हात जडावला माझा. आयुष्यभर जी गोष्ट केली म्हणून लोकांना शिव्या घातल्या ती गोष्ट करताना हात जडावतोच.

मग ते दिवस सुरू झाले. कुणाला बसवेना. आकडा बघायचा, दूध, औषध, आकडा. पंच्याऐंशी. मी खिडकीशी. अठ्ठ्याहत्तर. सून पाळण्याशी. एकदा बहात्तर आला आणि मी जेलची नळी उघडायला घेतली, सिस्टर म्हणाली, "दूध पाजा, लांबलंय थोडं." पाजलं. नव्वद. डॉक्टरीणबाई माप बेताबेताने वाढवत गेल्या. मोजा काढला की मी पाय बघायचे, वळी भरून येते का. येत होती. श्वास मोजून घ्यायचे, मशीनवर विश्वास नाही म्हणून माझ्या स्वतःच्या हाताने छातीवर. अस्वलाने एकदा माझं बोट धरलं आणि सोडेना. पकड अशी, की म्हटलं हिला गल्ल्यावर बसवायला हरकत नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिचं दूध मुद्दाम थोडं लांबवून बघितलं, सिस्टर शेजारी उभी, जेल हाताशी. आकडा टिकला.

"औषध लागू पडतंय," त्या म्हणाल्या. "छान पडतंय. ऑपरेशनची गरज नाही. घरी न्या, पण टोचणं, वजन, फोन, सगळं चालू राहील. ती वाढेल तसं मापही बदलावं लागेल, ते मी सांगेन."

सून रडली. मी नाही रडले, मला पिशव्या भरायच्या होत्या. औषधवाल्याने नवी बाटली दिली, या वेळी चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी लावून. मुलाने सवयीने दोन्ही हात पुढे केले. तळहात वर, जवळजवळ, भरलेलं भांडं घ्यायला करतात तसे.

मी बाटली त्याच्या हातात दिली नाही. सुनेच्या हातात दिली. कमरेची किल्ली काढली आणि तीही तिला दिली. तिच्या हातात बाटली लगेच थरथरायला लागली, आतलं पांढरं वरखाली होताना दिसत होतं.

"आई, हिला जमेल?" मुलगा म्हणाला. "म्हणजे, हिचा हात..."

"ऐक," मी म्हटलं, "आणि हो म्हणू नकोस. तुझा हात खरा आहे, तुझं माप खरं आहे, तुझ्याकडून तेल घेणाऱ्याला मी छातीवर हात ठेवून सांगेन की फसवणूक नाही. पण तुझं 'हो' खोटं आहे. तुझ्यापेक्षा भिंतीला सांगितलेलं बरं, ती ऐकत नाही आणि हो पण म्हणत नाही. तू घाणा बघ, पिंपं बघ, बाळाची टाच तू टोच. औषध ही देणार. हिचा हात थरथरतो ना? थरथरू दे मेला. बाटली तरी हलेल."